डिशला मत ऐकू जातं, असं कोण म्हणालं?

निवडणुकीच्या कामात आयुष्य गेलं असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच खुर्ची पुढे ओढतो. "मग मॅडम, यंदा कुणाचं येणार?" अहो, मला काय ठाऊक! आमच्या कामाचा सगळा जीव त्यातच आहे की, कुणी कुणाला मत दिलं हे आम्हाला कळता कामा नये. पण हे लोकांना पटत नाही. माझ्या सख्ख्या दिरालाही नाही पटत. त्याला वाटतं, वहिनीला सगळं माहीत असतं, सांगत नाही एवढंच.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माझी सगळी नोकरी झाली. सुरुवातीला निवडणूक शाखेत कारकून, मग मंडल अधिकारी, म्हणजे पंधरा-वीस गावांच्या तलाठ्यांच्या डोक्यावर बसलेली बाई, आणि शेवटी नायब तहसीलदार. माहेर महाळुंगे पडवळ, त्यामुळे या भागातली बोलीही येते आणि शिव्याही येतात. स्वभाव तापट. कचेरीत पाठीमागे मला 'तवा' म्हणायचे. मला कळलं तेव्हा राग आला, म्हणजे त्यांचं खरंच होतं म्हणायचं.

मतदान झालं, निकाल लागला, गुलाल उडाला की लोकांच्या दृष्टीनं निवडणूक संपते. आमची तिथून सुरू होते. तक्रारी येतात. अमक्यानं धमकावलं, तमक्यानं दुसऱ्याच्या नावावर मत दिलं, वस्तीतल्या लोकांना घराबाहेर पडू दिलं नाही. जिल्ह्याहून पत्र येतं, 'सखोल चौकशी करून अहवाल सादर करावा', आणि तहसीलदार साहेब ते कुणाच्या तरी गळ्यात बांधतात. ते 'कुणाच्या तरी' म्हणजे बहुतेक वेळा मी. चौकशी करणाऱ्याच्या हातात दंडुका नसतो, बेड्या नसतात. गावात जायचं, माणसांना बसवून जबाब लिहायचे, वाचून दाखवायचे, सही नाहीतर अंगठा घ्यायचा. हत्यार म्हणाल तर एक पेन आणि दोन कान.

हे काम मी शिकले जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावर. कागदी मतपत्रिकांचा काळ. तक्रार अशी की, शाळेच्या खोलीत लोक शिक्का मारत होते तेव्हा एका पुढाऱ्याची माणसं खिडकीतून बघत होती. मी दोन दिवस माणसामागून माणूस विचारत सुटले. सगळे म्हणायचे, "असं म्हणत्यात राव." कोण म्हणतं? तर शेजारचा. शेजारी म्हणे मेहुणा. शेवटच्या माणसाला गाठलं तर तो म्हणाला, "मी काय बघितलं न्हाई मॅडम, पन खिडकी सताड उघडी व्हती एवढं खरं." गेले शाळेत. त्या खोलीला खिडकीच नव्हती! नुसत्या चार भिंती आणि एक दार.

तेव्हापासून एक पद्धत धरली. काय झालं हे नंतर विचारायचं, आधी विचारायचं, तुला कुणी सांगितलं? वहीत नावं लिहायची आणि एका नावाकडून दुसऱ्या नावाकडं बाण काढायचा. बाण जिथं थांबेल तिथं मूळ. ही वही मी पुढं प्रत्येक चौकशीला नेली, आणि माझ्या बाणांचा मला फार अभिमान होता.

आता ती गोष्ट सांगते जिच्यासाठी हे लिहायला बसले.

मतदानाची मशीनं नवीन आली होती. खोडदच्या बाजूचं एक गाव. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून भेटतात आणि चहा पाजतात. खोडदला ती मोठी दुर्बीण आहे ना, आकाशातल्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी पकडणारी, तिच्या भल्यामोठ्या जाळीच्या डिशा या गावाच्या वस्तीवरून सरळ दिसतात. एखाद्या दिवशी सगळ्या डिशा एकदम मान वळवतात. आपल्याकडे वळल्या की नाही म्हटलं तरी माणूस चपापतो.

ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन आठवडा झाला असेल. कचेरीत एक निनावी अर्ज आला, वहीच्या रेघांच्या कागदावर. 'आमच्या वस्तीतल्या बायांनी भीतीपोटी मत दिलं नाही. आप्पा म्हणतात की मशीनची शिट्टी खोडदच्या डिशला ऐकू जाते आणि कुणी कुठलं बटण दाबलं ते त्यांना कळतं. जी विरोधात जाईल तिला कामावर घेणार नाही म्हणतात.' आप्पा म्हणजे गावातल्या पॅनेलचे प्रमुख. कांदा, द्राक्षं, दोन ट्रॅक्टर. वस्तीतली निम्मी घरं त्यांच्या रानात राबायची.

तहसीलदार साहेब हसून हसून लाल झाले. "डिशला ऐकू जातं! मॅडम, हे फ्रेम करून लावा." मग म्हणाले, "निनावी आहे. दप्तरी दाखल करा." दप्तरी दाखल म्हणजे बासनात बांधून ठेवा. नियम तसाच आहे, निनावी अर्जाची दखल घेत नाहीत.

मी काही हसले नाही. त्या केंद्रावरची मतदार नोंदवही मागवली. मत द्यायला आलेल्या प्रत्येकाची त्यात सही किंवा अंगठा असतो. वस्तीचा भाग काढून बघितला. पुरुष बहुतेक सगळे आलेले. बाया जवळजवळ कुणीच नाहीत. पानंच्या पानं बायांच्या नावांशिवाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वही साहेबांपुढं आपटली.

"पंधरा दिवस देतो," साहेब म्हणाले. "पण मॅडम, नायब तहसीलदाराच्या बढतीच्या यादीत तुमचं नाव आहे. यादी लागेपर्यंत तरी नवीन झेंगट घेऊ नका."

"झेंगट निस्तरायचाच पगार घेते साहेब," असं म्हणून मी उठले.

वस्तीवर गेले, जीप आमचे कोंडीभाऊ चालवत होते. माझ्याबरोबर बारा वर्षं गाडीवर असलेला, अतिशय सज्जन आणि अतिशय अबोल माणूस. बायांना समाजमंदिराच्या ओट्यावर बसवलं आणि विचारलं, मताला का नाही आलात? एकीला ताप होता. दुसरीलाही ताप. तिसरीला, चौथीला, सगळ्यांना ताप! म्हटलं, "मतदानाच्या दिवशी अख्ख्या वस्तीला साथ आली आणि आरोग्य खात्याला पत्ताच नाही?" कुणी हसलं नाही. सगळ्या खाली बघून ओट्यावर रेघोट्या ओढत बसल्या.

मी निघाले तेव्हा एक तिशीतली बाई जीपपर्यंत आली. विमल. घरी शिलाई मशीन चालवायची. त्या वॉर्डातून तीच आप्पांच्या भावजयीविरुद्ध उभी होती आणि थोड्या मतांनी पडली होती.

"अर्ज म्या लिवला," ती म्हणाली. "सही केली न्हाई. पडलेली बाई रडती म्हनले असते. आना तो कागद, आता करते."

सही करता करता ती म्हणाली, "मी पडले त्याचं काय न्हाई वो मॅडम. पन माझ्या सख्ख्या सासूनं त्या दिशी उंबरा वलांडला न्हाई. फुडच्या टायमाला बी ह्या बाया घरीच बसत्याल. मंग तीच सवय लागंल, आन् कायमच्याच बसत्याल. तेवढं कायतरी करा."

बस्स. चौकशीला निकालाशी देणंघेणं नव्हतं. निकाल बदलायचा तर कोर्टात जावं लागतं, तो माझा अधिकार नव्हे. पण पुढच्या वेळी या बाया रांगेत दिसल्या पाहिजेत. मी मनाशी तेवढंच धरलं.

विमलनं सही केली म्हटल्यावर तिची शेजारीण हौसा बोलायला तयार झाली. "आमाला आप्पाचा ट्रॅक्टरवाला म्हनला. शिट्टी वाजली की डिशला जातं. आप्पाचा मानूस हाय थितं कामाला. कागदच छापून येतो म्हनं नावासकट. जी इरोधात जाईल तिला कामावर घेनार न्हाईत." वहीत पहिला बाण. ट्रॅक्टरवाला दोन दिवस चुकवत होता, तिसऱ्या दिवशी कोंडीभाऊंनी त्याला पंपावर गाठलं. "आप्पा म्हनले, मी फुडं सांगितलं. मी हुकमाचा ताबेदार." दुसरा बाण.

आप्पांकडे जाण्याआधी म्हटलं, दुर्बिणीवाल्यांचंही म्हणणं घ्यावं, अहवालात शोभेल. तिथं एक तरुण शास्त्रज्ञ भेटला, परप्रांतातला, मराठी नुकतंच शिकलेला आणि त्याचा फार उत्साह. मी विचारलं, "मशीनची शिट्टी तुमच्या डिशला ऐकू जाते का?"

तो गंभीरपणे विचारात पडला. "आवाज नाही जाते. पण मॅडम, प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तूतून थोडी लहर निघते. त्याचा आम्हाला खूप त्रास आहे. त्यामुळे अगदी काहीच येत नसेल असे मी शास्त्रीयदृष्ट्या..."

"थांबा!" मी ओरडलेच. "कुणी कुठलं बटण दाबलं ते कळतं का? हो की नाही?"

"छे छे! ते कसे कळेल? अशक्य!"

"मग तेवढंच लिहा. शास्त्रीयदृष्ट्या वगैरे काही नको." बिचाऱ्यानं लिहून दिलं, पण त्याला ते अपुरं वाटलं असणार. खऱ्या माणसांचे जबाब घेणं खोट्या माणसांपेक्षा अवघड असतं.

मग आप्पा. ओसरीवर सतरंजी, पोहे, चहा, "या मॅडम, आपलंच घर समजा." आवाज लोण्यासारखा. मी सरळ विचारलं, डिशचं तुम्ही पसरवलंत का? वाटलं होतं, कानावर हात ठेवतील. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"म्हनलो असेन की. पन मी मनचं न्हाई म्हनलो. ऐकलं ते सांगितलं. त्यात माजी काय चूक? आन् ऐकलं ते बी सरकारी मानसाच्या तोंडून."

"कोण सरकारी माणूस?"

"ते मी कशाला सांगू? वस्तीवरच्या पारूबाईला इचारा. तिच्याच म्होरं झालं समदं." आणि हसले. ते हसणं मला तेव्हा कळलं नाही. मी खूश होते. तलाठी असेल, ग्रामसेवक असेल, शाळेचा मास्तर असेल. जो असेल त्याची आता मी सालपटं काढणार होते. वहीत तिसरा बाण काढून मी ताडकन् उठले.

पारूबाई म्हणजे विमलची सासू. साठीपुढची, काटक, बारीक डोळ्यांची. अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. विमल घरात शिलाई मशीनवर. कोंडीभाऊ नेहमीसारखे गाडीत न बसता माझ्या मागं येऊन उभे राहिले, याचं मला जरा नवल वाटलं.

"पारूबाई, डिशचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

म्हातारी शेंगा फोडत राहिली.

"भिऊ नका. आप्पा तुमचं काही वाकडं करणार नाहीत, मी आहे ना."

"आप्पाला न्हाई भेत मी."

"मग कुणाला भिता?"

"तुमाला," पारूबाई म्हणाली.

मी हसले. म्हटलं, मला कशाला?

"तुमी वरडता म्हनून." मग तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "तुमीच म्हनला व्हता बाई. मताच्या आदी तुमी शाळंफुडं मशीन दावाया आला व्हता. म्या तुमाला इचारलं, बटान दाबल्यावर कुनाला कळत तर न्हाई? तुमी कायतरी सांगितलं, मला समजलं न्हाई. म्या परत इचारलं. तिसऱ्यांदा इचारलं तवा तुमी चिडला. डिशकडं हात केला आन् म्हनला, 'हो, कळतं! ती बघा डिश, शिट्टी वाजली की तिला ऐकू जातं! झालं समाधान?' समदे हसले. आप्पा फुडं खुर्चीवर व्हते, त्ये बी हसले. म्या न्हाई हसले. म्हनलं, सरकारची बाई हाय, खोटं कशाला बोलंल?"

आठवलं मला. सगळं आठवलं. त्या दिवशीचं तिसरं गाव, ऊन, घशाला कोरड, आणि प्रत्येक गावात तोच एक प्रश्न. कळत तर नाही? कळत तर नाही? अहो, तोच तर खरा प्रश्न होता! त्यासाठीच मला पाठवलं होतं. आणि एका म्हातारीनं तो तीनदा विचारला म्हणून मी तिची चारचौघांत थट्टा केली आणि विसरूनही गेले.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी मागं वळून कोंडीभाऊंकडं बघितलं.

"तुम्ही होतात त्या दिवशी."

"व्हतो."

"आठवत होतं तुम्हाला?"

"पयल्या दिवसापास्नं. अर्ज वाचून दावला तवाच."

"मग बोलला का नाहीत, कोंडीभाऊ?"

ते पायाकडं बघत म्हणाले, "तुमच्याफुडं कोन बोलनार मॅडम?"

वाईट ह्याचंच जास्त वाटलं. आप्पांना भिऊन बाया घरी बसल्या हे मी पानंच्या पानं लिहीत होते, आणि मला भिऊन माझा ड्रायव्हर इतके दिवस गप्प होता.

विमल दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "हे लिवलं तर आप्पा सुटतील मॅडम," ती हळूच म्हणाली.

खरं होतं तिचं. आणि नुसते आप्पाच सुटणार नव्हते, मीही अडकणार होते. म्हणून तर ते ओसरीवर हसत होते. त्यांचा हिशेब सरळ होता, बाई स्वतःचं नाव लिहिणार नाही, आणि मग चौकशीच गुंडाळेल. पारूबाईचा जबाब मी घेतला नसता तर कुणाला कळलं असतं? तिच्या नावावर आणखी एक 'ताप होता' लिहायचं आणि पुढं जायचं. पाच मिनिटं मी खरोखर तसा विचार केला. खोटं कशाला बोलू? बढतीची यादी डोळ्यांपुढं नाचत होती.

मग मी पेनाचं टोपण काढलं. पारूबाईला म्हटलं, "पुन्हा सांगा. मी म्हणाले तसंच्या तसं सांगा." शब्दन् शब्द लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. आणि वहीत चौथा बाण काढून त्याच्या टोकाला माझं नाव लिहिलं.

पण तेवढ्यानं बायांची भीती कुठं जाणार होती? दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर सगळ्यांना गोळा केलं आणि उभं राहून सांगितलं, "डिशचं मी म्हणाले. चिडून, थट्टेत म्हणाले. ते साफ खोटं होतं. माझी चूक झाली. तुमची माफी मागते." आयुष्यात मी फारशा माफ्या मागितलेल्या नाहीत.

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. हौसा म्हणाली, "तवा बी तुमीच म्हनला, आता बी तुमीच म्हनताय. आमी खरं कंचं धरायचं?"

शास्त्रज्ञाचा कागद वाचून दाखवला. "तो बी सरकारचाच मानूस," हौसा म्हणाली. मी हताश झाले. तेव्हा पारूबाई मागून बोलली. "आप्पाचा कागद येतो ना छापून? मंग हितं बटनं दाबू आमी. आप्पाला म्हनावं, वळखून दाव."

अख्खी नोकरी चौकशा करण्यात गेली, पण हे मला सुचलं नव्हतं.

कचेरीत सरावाचं मशीन होतं, त्यावर खऱ्या चिन्हांऐवजी फळांची चित्रं. ते आणलं. आप्पांना रीतसर नोटीस काढली, चौकशीकामी शाळेत हजर राहावे. ते आले, इस्त्रीचे कपडे घालून, ट्रॅक्टरवाल्याला बरोबर घेऊन. सगळं गाव पटांगणात. खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागं मशीन. एकेक बाई आत जायची, आंबा, पेरू नाहीतर केळं दाबायची. पीऽऽ करून शिट्टी वाजायची, प्रत्येक शिट्टीला बाहेर सगळे डिशांकडं बघायचे. डिशा आपल्या भलतीकडेच तोंड करून उभ्या. पहिल्या दोन-तीन बाया घाबरत गेल्या. नंतर घाई सुरू झाली. हौसा तर दोनदा जायला निघाली होती, तिला अडवलं.

शेवटची बाई बाहेर आल्यावर मी आप्पांना म्हटलं, "सांगा आता. कुणी काय दाबलं?"

"अवो मॅडम, काय गरिबाची थट्टा करता."

"थट्टा मी एकदा केली, पुन्हा करणार नाही. तुमचा कागद किती दिवसांत येतो तेवढं बोला. मी मुदत लिहून देते."

"कवा येतो कागद, आप्पा?" पारूबाईनं विचारलं. मग दुसरी, मग तिसरी. "सांगा की! आमी थांबतो!" कुणी आरडाओरडा केला नाही, नुसत्या विचारत राहिल्या. ज्या बायांनी आप्पांपुढं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्या. आप्पांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, ट्रॅक्टरवाला केव्हाच मागं सरकला होता.

"असा काय कागद बिगद नसतो," ते शेवटी म्हणाले. "डिशला काय कळत न्हाई."

मी ते वाक्य पंचनाम्यात जसंच्या तसं लिहिलं आणि त्याखाली त्यांची सही घेतली. एवढ्या नोकरीत घेतलेल्या सगळ्या सह्यांत ती मला सगळ्यात प्यारी आहे.

अहवाल गेला. निकाल विचाराल तर ऐका. आप्पांनी ऐकीव माहिती पुढं सांगितली, धमकावण्याचा हेतू पुरेसा सिद्ध होत नाही, सबब त्यांना समज देण्यात आली. म्हणजे, पुन्हा करू नका हं. कामावरून काढायची धमकी हौसानं स्पष्ट सांगितली होती, तीसुद्धा 'ऐकीव'त गेली. आणि मला कारणे दाखवा नोटीस, बेजबाबदार वक्तव्य केल्याबद्दल. बढतीच्या यादीतून नाव गेलं, पुढं तीन वर्षांनी लागलं. दोघांत शिक्षा झाली ती मला एकटीला. रागानं मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही. साहेब म्हणाले, "ते एक पान गाळलं असतंत तर?" म्हटलं, "साहेब, गाळलं असतं तर आप्पांनी मला जन्मभर खिशात घालून फिरवलं असतं." पण खरं सांगते, यादी लागली त्या दिवशी घरी जाऊन रडले. अजूनही ते तीन वर्षांचं बोचतं. नाही म्हणाले तर ढोंग होईल.

माझ्या अहवालानं जे झालं नाही ते एका बाळानं केलं. वर्षाच्या आतच आप्पांच्या भावजयीला तिसरं मूल झालं. दोनपेक्षा जास्त मुलं झाली की सदस्यपद जातं, हा कायदा तेव्हा नवा होता आणि घरात कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली. विमल पुन्हा उभी राहिली. मशीन दाखवायचं काम मागून घेऊन मी त्याच गावात गेले. बायांनी विचारलं तितक्या वेळा सांगितलं, "कुणालाही कळत नाही. आप्पाला नाही, मला नाही, नवऱ्याला नाही. आणि तुम्हीही कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही." बरोबर कोंडीभाऊ होते, त्यांना सांगून ठेवलं होतं की माझा आवाज चढला तर खाकरायचं. चारदा खाकरले.

मतदानाच्या दिवशी सकाळी जीप शाळेपाशी थांबली तेव्हा रांग पटांगणाबाहेर गेली होती. वस्तीतल्या बाया. ठेवणीतली लुगडी, केसांत फुलं. नंतर नोंदवहीत बघितलं, एक बाळंतीण सोडली तर सगळ्या आल्या होत्या. मी जीपमध्येच बसून राहिले थोडा वेळ. डोळे भरून आले होते आणि अधिकाऱ्यानं तसं दिसू नये.

पारूबाई बोटाची शाई सगळ्यांना दाखवत बाहेर आली. केंद्रापासूनच्या शंभर मीटरच्या रेषेपलीकडं विमल उभी होती, जिवात जीव नसल्यासारखी.

"आत्या," तिनं विचारलं, "मलाच दिलं ना?"

म्हातारीनं सुनेकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"न्हाई सांगनार," ती म्हणाली आणि ताठ मानेनं घराकडं चालू लागली.

विमल निवडून आली, पुढं दोनदा आली, एकदा सरपंचही झाली. मी निवृत्त झाले तरी दिवाळीला तिचा फोन येतो. गेल्या साली फोनवर तिचा आवाज जड होता. पारूबाई गेली होती, महिना झाला होता. शेवटी आठ-दहा दिवस अंथरुणावर होती, सुनेच्याच हातून पाणी प्यायची.

"लई येळा इचारलं वो मॅडम," विमल म्हणाली. "म्हनलं, आत्या, आता तरी सांगा, मी पयल्यांदा निवडून आले तवा मत कुनाला दिलं. नुसती हसायची. गेली म्हातारी, पन सांगून न्हाई गेली."